चिलमीचा पहिला झुरका आणि ‘लागलेली’ तंबाखू



तंबाखूमुळे होणाऱ्या कॅन्सरबद्दल या पानावर आणि इतरत्र आपण पुष्कळ वाचलं आहे. आज त्याच्या खूप आधीची गोष्ट समजून घेऊ. माणूस आयुष्यात पहिल्यांदा चिलीम, हुक्का किंवा बिडी ओढतो, पहिल्यांदा खर्रा तोंडात टाकतो किंवा पहिल्यांदा मशेरी लावतो, तेव्हा त्याच्या शरीरात काय होतं?

बहुतेकांना त्रासच होतो. डोकं गरगरतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, मळमळतं, उलटी होते. आपल्या भाषेत याला ‘तंबाखू लागली’ म्हणतात. हा शब्द इतका रोजचा आहे की त्यामागे काय घडतं याचा आपण विचारच करत नाही. घरात कुणाला लागली तर कुणी हसतं, कुणी रागावतं, कुणी म्हणतं, “बरं झालं, आता जन्मात हात लावणार नाही.” हे शेवटचं वाक्य आम्ही वस्त्यांमधल्या आरोग्य बैठकांत फार वेळा ऐकलं आहे. ते खरं ठरत नाही, म्हणून हा लेख.

लागते म्हणजे काय होतं?

तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचं द्रव्य असतं. कीड आपल्याला खाऊ नये म्हणून हे झाड ते तयार करतं. म्हणजे मुळात ते कीडनाशक आहे. पिकावर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारतात, हे आपल्यातल्या शेतात राबलेल्यांना ठाऊक असेल. जे द्रव्य माव्याला मारतं, तेच झुरक्यातून आपल्या रक्तात जातं.

चिलमीचा किंवा बिडीचा धूर छातीत ओढला की निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. दंडात सुई टोचून दिलेलं औषधही इतक्या लवकर मेंदूत जात नाही. आपल्या मेंदूत रक्तातल्या विषावर पाळत ठेवणारी एक जागा आहे. ओळखीचं नसलेलं विष दिसलं की ती जागा पोटाला हुकूम देते, ‘बाहेर टाक.’ म्हणून मळमळ आणि उलटी. विष धुरातून आलेलं असतं, पोटात नसतंच, पण शरीराला तेवढा फरक कळत नाही. त्याच वेळी निकोटीन सगळ्या शरीरातल्या नसांना डिवचतं. त्यामुळे लाळ सुटते, चेहरा पांढरा पडतो, हात थरथरतात, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. ‘तंबाखूने पोट साफ होतं’ असं जे म्हणतात, ते या मुरड्यामुळेच. ते औषध नाही, विषाचाच एक परिणाम आहे.

थोडक्यात, तंबाखू लागणं ही सौम्य विषबाधा असते. ज्याला लागली तो कमजोर नसतो. त्याचं शरीर बरोबर काम करत असतं.

चिलीम नवख्याला जास्त का लागते?

एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. चिलमीला असं माप नसतं. कुणी किती तंबाखू भरली, ती किती तेज आहे, निखारा किती मोठा आहे, यावर सगळं ठरतं. सरावलेला माणूस बेताने ओढतो. नवखा मुलगा चारचौघांच्या नजरेखाली असतो, खोकला आला तर हसतील म्हणून दम धरून मोठा झुरका घेतो. जास्त धूर, जास्त वेळ छातीत.

चिलमीच्या तोंडाशी ओलं फडकं, म्हणजे साफी, गुंडाळतात. साफीने धूर ‘गाळला’ जातो असं सांगतात. साफी निखाऱ्याची ठिणगी अडवते आणि धूर थोडा थंड करते, एवढंच. निकोटीन आणि विषारी वायू तिच्यातून आरपार जातात. उलट थंड धूर घशाला कमी चरचरतो म्हणून झुरका आणखी खोल जातो.

हुक्क्याच्या पाण्याचंही तसंच. पाणी विष धुऊन काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे की तासभराच्या एका हुक्का बैठकीत माणूस एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर छातीत घेऊ शकतो. वर आंब्याचा, पुदिन्याचा वास असतो, त्यामुळे पोरांना ते सरबतासारखं वाटतं.

चिलीम आणि हुक्का दोन्हींत आणखी एक धोका असतो, कोळशाचा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. बंद खोलीत ओढल्यावर डोकं फुटल्यासारखं दुखू लागलं, झापड आली, माणूस कोसळला, तर ती फक्त ‘लागलेली’ तंबाखू नसू शकते. अशा वेळी बोटाला लावायचं प्राणवायू मोजण्याचं यंत्र चक्क नॉर्मल आकडा दाखवू शकतं, कारण या वायूने भरलेलं रक्त त्याला वेगळं ओळखता येत नाही. म्हणून आकड्यावर विसंबू नका.

एकच चिलीम पाच तोंडांत फिरते, हेही लक्षात ठेवा. बंद जागी टीबीचा रुग्ण खोकत असेल तर सोबत बसलेल्यांना धोका असतोच. तोंडाची लाळ एकमेकांना लागते ती वेगळीच.

काही जण म्हणतात, “आम्ही छातीत ओढत नाही, तोंडातच धूर ठेवतो.” इंग्रजी पद्धतीचा पाइप ओढणारेही असंच सांगतात. पण पाइपच्या आणि चिरूटाच्या तंबाखूचा धूर अल्कलीकडे झुकणारा, म्हणजे चुन्याच्या गुणाचा असतो. अशा धुरातलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात शिरतं. म्हणून पहिल्यांदा पाइप ओढणाऱ्याला छातीत न ओढताही चक्कर येते आणि गरम धुराने जीभ भाजल्यासारखी होते. आपण तंबाखूत चुना मळतो, खर्रा घोटताना चुना घालतो, तो हेच काम करतो. चुना निकोटीन मोकळं करतो, त्यामुळे ते गालातून पटकन रक्तात जातं. मशेरी हिरड्यांतून जाते. म्हणून दाढदुखीवर पहिल्यांदा मशेरी लावलेल्या सुनेलाही चिलीम ओढलेल्या पोरासारखीच चक्कर येते.

लागली तर काय करायचं?

१. माणसाला मोकळ्या हवेत आणा. तोंडात खर्रा, तंबाखू, मशेरी असेल तर काढायला लावा. चूळ भरून थुंकू द्या.

२. उभं ठेवू नका, चालवू नका. चक्कर येऊन डोक्यावर पडण्याचा धोका असतो. बसवा. फार गरगरत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. उताणं झोपवू नका, उलटी श्वासनळीत जाऊ शकते.

३. घशात बोट घालून उलटी काढू नका. मिठाचं पाणी पाजू नका.

४. पूर्ण शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. गूळ, लिंबूपाणी, ताक द्यायची आपल्याकडे रीत आहे. शुद्धीतल्या माणसाला थोडं दिल्याने बिघडत नाही, पण त्याने रक्तातलं निकोटीन उतरत नाही. ते वेळेनेच उतरतं. साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. झापड आलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीच घालू नका.

५. एकटं सोडू नका. दर दहा मिनिटांनी बोलतं करा. मनगटावर नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट.

आता दवाखान्यात कधी न्यायचं ते पाहा. उलट्या थांबत नसतील, दोन तासांनीही उतार नसेल, बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला १२० च्या वर किंवा ५० च्या खाली असेल, झटके आले, श्वास जड झाला, हातपाय गळून गेले, माणूस नीट उत्तर देत नसेल, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा. बंद खोलीत कोळशावरचं ओढलेलं असेल आणि डोकं दुखून झापड येत असेल तरीही तेच.

चाळिशीच्या पुढच्या माणसाला घाम, मळमळ आणि छातीत दाब असेल तर ‘तंबाखू लागली’ म्हणून सोडून देऊ नका. हार्ट अ‍ॅटॅकही असाच दिसतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम आणि चक्कर आली तर साखर उतरलेली असू शकते.

आणि डॉक्टरांना खरं सांगा. काय ओढलं, चिलमीत तंबाखूसोबत आणखी काही होतं का, किती झुरके घेतले, किती वाजता घेतले. भीतीपोटी ‘पित्त झालं’ सांगितलं की उपचार पित्ताचा होतो.

लहान मुलांच्या बाबतीत यातला एकही नियम लावत बसू नका. रांगतं मूल जमिनीवरचं बिडीचं थोटूक, पडलेली खर्र्याची पुडी, मशेरीचा डबा तोंडात घालतं. मोठ्याला थोडीशी वाटणारी मात्रा त्याच्या वजनाला फार होते. मूल बरं दिसत असलं तरी लगेच दवाखान्यात न्या, पुडी किंवा डबा सोबत घ्या. जखमेवर तंबाखूची चिमूट दाबायची जुनी रीतही सोडा. निकोटीन कातडीतून आत जातं, उघड्या जखमेतून तर आणखी लवकर. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना न ओढता, न खाता उलट्या-चक्कर होते, ती याचमुळे.

पुढच्या वेळी त्रास कमी का होतो?

आता मुख्य मुद्दा. एका वस्तीतल्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो. मित्राच्या वाढदिवशी अर्धवट बांधलेल्या इमारतीत पोरं जमली. चिलीम फिरली. याने तीन झुरके घेतले. दहा मिनिटांत चेहरा पांढरा, अंग घामाने ओलं, दोन उलट्या. पोरं हसली, तोंडावर पाणी मारलं आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडून गेली. घरी त्याने पित्त म्हणून सांगितलं. आईला पटलं नाही, तिने आमच्यातल्या एका ताईला बोलावलं. सगळ्यांना बाहेर पाठवल्यावर तो खरं बोलला. दोन तासांत तो बराही झाला. वडिलांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, आता कशाला समजावता? चांगली अद्दल घडली त्याला.”

तीन महिन्यांनी तो मुलगा रोज दोन खर्रे खात होता.

असं का होतं? निकोटीन जितक्या लवकर मेंदूत जातं, तितक्याच लवकर मेंदू त्याला सरावतो. पाळत ठेवणारी ती जागा पहिल्यांदा ओरडते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिचा आवाज कमी होतो. काही दिवसांत ती गप्प बसते. मळमळ जाते, चक्कर जाते. पण त्याच निकोटीनने मिळणारी हुशारी, ती किक, एवढ्या लवकर जात नाही. मग मेंदू तीच पुन्हा पुन्हा मागतो. त्रास संपला म्हणजे विष संपलं असं नाही, इशारा देणारी घंटा तेवढी बंद पडली. आणि चिलमीने सरावलेल्या मेंदूला खर्रा वेगळा वाटत नाही. आत जाणारं द्रव्य तेच.

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या सर्वेक्षणांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट एकदा ओढून पाहिलेल्या दर तीन माणसांपैकी सुमारे दोघांनी पुढे काही काळ तरी रोज ओढली होती. म्हणजे पहिल्या झुरक्याच्या कडवटपणाने बहुतेकांना वाचवलं नाही. कोवळ्या वयात तर रोजची सवय लागण्याच्या आधीच तलफेची लक्षणं दिसू लागतात.

आपल्या राज्याचं चित्रही पाहा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी बहुतेकांची तंबाखू तोंडात. म्हणून ‘आमचा पोरगा बिडी-सिगारेट ओढत नाही’ यावर समाधान मानू नका. त्याच्या खिशात पन्नी आहे का, तेही बघा.

मधल्या दिवसांत घराने काय करायचं?

पहिल्यांदा लागली आणि सवय जडली, यांच्यामध्ये थोडे दिवस असतात. घराला काही करता येतं ते याच दिवसांत. नंतर सोडवणं शक्य असतं, पण फार कष्टाचं होतं.

मारू नका. मारलं की पोरगं पुढच्या वेळी घरी येणार नाही, उलटी होत असताना कुठेतरी एकटं पडून राहील. अद्दल घडावी म्हणून आणखी दोन झुरके ओढायला लावणारे बापही आम्ही पाहिले आहेत. त्याने अद्दल घडत नाही, सराव होतो.

त्या रात्री फक्त सांभाळा. दुसऱ्या दिवशी, तो शांत असताना, विचारा. काय घेतलं? कुणासोबत? नाही म्हणता का आलं नाही? आणि वर सांगितलं ते त्याला समजावून सांगा. ‘तुला त्रास झाला कारण तुझं शरीर धडधाकट आहे. पुढच्या वेळी त्रास कमी होईल, तेव्हा बरं वाटलं असं समजू नको.’ हे वाक्य त्याला आधीच ठाऊक असेल तर दुसऱ्या झुरक्याच्या वेळी आठवतं.

पोरं त्याला चिडवतात, ‘पचवायला शिक.’ या एका शब्दाने फार नुकसान केलं आहे. तंबाखू पचत नसते, मेंदू बधिर होत असतो. अशा वेळी पोराच्या तोंडी एक सोपं उत्तर द्या: ‘मला लागते, मी घेत नाही.’ आपल्याकडे हे कारण कुणी मोडत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘मला वांगं चालत नाही’ म्हटलं की वाढणारा पुढे जातो, तसंच. भाषण करावं लागत नाही, मित्र तुटत नाहीत. आमच्या बैठकांत मुलं हे वाक्य एकमेकांना म्हणून दाखवतात. आधी हसतात, पण तोंडात बसतं.

मग मोठ्यांकडे वळा. पाचव्या शीलाची चर्चा आपल्या घरात दारूपाशी थांबते, कारण तंबाखूला आपण नशा धरतच नाही. बापाने पोराला कोपऱ्यावर खर्रा आणायला पाठवायचं आणि त्याने तो खाऊ नये म्हणायचं, हे जमणार नाही. पुडी, मशेरीचा डबा, चिलीम पोरांच्या हाती लागेल असं ठेवू नका. आणायला तर पाठवूच नका.

कायदाही ठाऊक असू द्या. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला बंदी आहे, शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत विकायलाही बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे. टपरीवाला आपल्याच वस्तीतला असतो, त्याचंही पोट असतं. म्हणून आधी महिला मंडळाने मिळून त्याला शांतपणे सांगावं. ऐकलं नाही तर लेखी तक्रार आहेच.

ज्यांना सवय जडली आहे त्यांनी १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्याच्या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करावा. सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. त्या दिवसांत घरच्यांनी त्याचं चार शब्द जास्तीचं बोलणं सोसावं.

या महिन्यात एवढं करा

घरातल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला ‘लागणं’ म्हणजे काय ते एकदा समजावून सांगा. ‘मला लागते, मी घेत नाही’ हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. १०८ आणि १८००-११-२३५६ हे दोन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. आणि शेजारच्या घरात कुणाला लागली असं कळलं तर हसायला जाऊ नका, पाण्याचा तांब्या घेऊन जा आणि दोन तास जवळ बसा. दुसऱ्या दिवशी त्या पोराशी बोलायलाही जा.